रमजानातली सात शब्दांची माफी

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. पंचविसावा रोजा चालू होता. निपाणीत दुपारचं ऊन चांगलंच चटकत होतं आणि मी पंख्याखाली पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. आमच्या गल्लीतली सातवीतली एक पोरगी ड्रॉइंगचा कागद गुंडाळून घेऊन आली. "काका, एवढं बरोबर लिवलंय काय बघा की."

गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असो, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा असो, माणसं माझ्याकडं येतात. एका शेती सोसायटीत मी सचिव होतो. अक्षर बरं आहे आणि आता रिकामाही असतो. कागद उलगडला. वर हिरव्या स्केचपेननं उर्दू लिपीत एक ओळ, खाली तीच ओळ कन्नड अक्षरांत, त्याखाली देवनागरीत. सीमाभागात एकेका कागदाला तीन लिप्या लागतात, त्यात नवल काही नाही. पोरीची दादी घरात दख्खनी बोलते, पोरगी मराठी शाळेत जाते आणि हुक्केरीची चुलत बहीण कन्नड शाळेत. कागद लागणार होता घरातल्या भिंतीवर, आणि ईदला पाहुणे तिन्ही प्रकारचे येणार होते.

देवनागरीतली ओळ अशी होती: "अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअ्फु अन्नी."

खाली मराठी अर्थासाठी जागा मोकळी सोडली होती. मी पेन घेतलं आणि सवयीनं लिहिलं, "हे अल्लाह, तू क्षमाशील आहेस, तुला क्षमा प्रिय आहे, मला क्षमा कर." पोरीनं वाचलं आणि नाक मुरडलं. "क्षमा नको काका. माफ लिवा. दादी माफच म्हणती."

शुद्ध मराठीचा थोडा अहंकार मला आहेच, त्यामुळं जरा राग आला. पण पोरगी बरोबर होती, आणि ती किती बरोबर होती हे मला नंतर कळलं. त्या ओळीतले 'अफुव्वुन', 'अफ्व' आणि 'फअ्फु' हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. आपला 'माफ'ही त्याच धातूचा. अरबीतून फारसीत 'मुआफ' झाला आणि मराठीत येता येता 'माफ'. म्हणजे मी संस्कृतातून वळसा घालून जिथं चाललो होतो, तिथं दादी आधीच बसलेली होती.

आता ती ओळ जरा उकलून बघू.

'अल्लाहुम्म' म्हणजे हे अल्लाह. 'इन्नक' म्हणजे खरोखर तूच. 'अफुव्वुन' म्हणजे फार माफ करणारा. 'तुहिब्बु' म्हणजे तुला आवडतं. हिंदी गाण्यांत ऊठसूट येणारी 'मोहब्बत' याच कुळातली. 'अल्-अफ्व' म्हणजे माफ करणं. 'फअ्फु' म्हणजे म्हणून माफ कर. 'अन्नी' म्हणजे मला, आणि अगदी शब्दश: घ्यायचं तर 'माझ्यावरून'. अंगावरची धूळ झटकावी तसं काहीतरी माझ्यावरून काढून टाक, असा तो शब्दप्रयोग आहे. एकूण शब्द सात आणि त्यातले तीन एकाच धातूचे. काही छापील कागदांवर 'अफुव्वुन'च्या पुढं 'करीमुन' (म्हणजे उदार) असा एक जादा शब्द दिसतो. तो सगळ्या जुन्या प्रतींत नाही. पोरीच्या कागदावर तो नव्हता.

उच्चाराचंही सांगून टाकतो. अरबीत 'ऐन' म्हणून एक अक्षर आहे, ते घशाच्या आतून निघतं आणि आपल्या बाराखडीत त्याला जागाच नाही. 'फअ्फु'मधला तो मधला अडखळलेला 'अ्' म्हणजे तेच अक्षर. आपण बहुतेक जण 'फाफु' म्हणून मोकळे होतो.

या ओळीची मांडणी मला फार आवडते, कारण ती अर्जासारखी आहे. आयुष्यभर मी अर्ज वाचले. आधी साहेबांचं नाव, मग आपली परिस्थिती, घरात आजारपण, पाऊस नाही, तंबाखूला दर नाही, आणि मग 'सबब, विनंती की'. 'फअ्फु'तला पहिला 'फ' म्हणजे हाच आपला 'सबब'. पण इथं सबबच्या आधी अर्जदारानं स्वत:बद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. काय गुन्हा केला, का केला, घरची अडचण काय होती, पुढं करणार नाही, यातलं काहीच नाही. आधी आहे ते एवढंच: तू माफ करणारा आहेस, आणि तुला माफ करायला आवडतं. सबब, मला माफ कर. मागणाऱ्याच्या अडचणीचा उल्लेख नाही, सगळा भरवसा देणाऱ्याच्या आवडीवर. असा अर्ज आमच्या सोसायटीत आला असता तर मी 'कारण नमूद नाही' असा शेरा मारून परत केला असता.

ही ओळ कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. तिरमिजी आणि इब्न माजा या हदीस संग्रहांत ती आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी त्यांना विचारलं, "कद्रची रात्र कुठली ते मला कळलं, तर त्या रात्री मी काय म्हणू?" उत्तर आलं ते हे सात शब्द. म्हणजे प्रश्न एका बाईनं विचारलेला आहे आणि उत्तरही तिलाच दिलेलं आहे. ही दुआ असल्यामुळं तिला नमाजासारख्या अटी नाहीत. चुलीपुढं, भाकरी थापताना, पाळीच्या दिवसांत रोजा आणि नमाज बंद असतानाही ती म्हणता येते. आमच्या गल्लीतल्या कित्येक बायका विड्या वळताना म्हणतात. सूप मांडीवर, हात चालू आणि ओठ हलताहेत.

कद्रची रात्र म्हणजे लैलतुल कद्र, आपल्याकडं शबे कद्र किंवा नुसतं 'बडी रात'. कुरआन याच रात्री उतरलं असं मानतात. कुरआनातल्या ९७ व्या सूरेत (म्हणजे अध्यायात) तिला 'हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ' म्हटलं आहे. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, म्हणजे एका माणसाचा पुरा जन्म. ती रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींत शोधायची: २१, २३, २५, २७, २९. आपल्याकडं सत्ताविसाव्या रात्रीला जोर असतो. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सत्ताविसावी रात्र सव्विसावा रोजा सोडल्यावर लागते. त्या वर्षी आपल्याकडं पहिला रोजा २ मार्चला होता, म्हणजे ती रात्र २७ मार्चच्या गुरुवारी आली. दरवर्षी या हिशेबात माझ्या ओळखीचा कुणी ना कुणी हिंदू माणूस एक दिवस चुकतो आणि शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी विचारतो, "काल रात्री एवढी गर्दी कसली होती?"

नक्की तारीख का सांगितलेली नाही, यावर बुखारीच्या संग्रहात एक हदीस आहे. पैगंबर तारीख सांगायलाच घराबाहेर आले होते. तेवढ्यात दोन माणसं आपापसात भांडत होती, आणि ती माहिती काढून घेतली गेली. पुढं पैगंबर म्हणाले की कदाचित यातच तुमचं भलं असेल. पण मला राहून राहून ते भांडण दिसतं. माफीच्या रात्रीची तारीख हरवली ती दोन माणसांच्या भांडणापायी. कशावरून भांडत होते ते हदीसमध्ये नाही. आमच्याकडं असतं तर बांधावरून म्हटलं असतं.

आता अवघड भागाकडं येऊ. मराठीत आपण 'क्षमा', 'माफी', 'दया' सरसकट वापरतो. अरबीत हे वेगवेगळे कप्पे आहेत, आणि या महिन्यातल्या दुआ समजायच्या तर ते माहीत असलेले बरे.

आपल्याकडं रमजानचे तीन भाग करतात, त्याला अशरा म्हणतात, म्हणजे दहा दिवसांचा गट. पहिला रहमतचा, दुसरा मगफिरतचा, तिसरा जहन्नमच्या आगीतून सुटकेचा. मशिदीच्या फळ्यावर, कॅलेंडरवर, व्हॉट्सअॅपवर सगळीकडं ही वाटणी दिसते. ती ज्या हदीसवर उभी आहे तिला हदीसचे अभ्यासक कमजोर मानतात, आणि माफी फक्त मधल्या दहा दिवसांतच मिळते असं कुणीच म्हणत नाही. पण लोकांच्या सोयीची वाटणी आहे, चालते. मधल्या दहा दिवसांत लोक "अस्तगफिरुल्लाह रब्बी मिन कुल्लि जंबिंव व अतूबु इलैह" म्हणतात. माझा रब जो अल्लाह, त्याच्याकडं मी प्रत्येक गुन्ह्याची मगफिरत मागतो आणि त्याच्याकडं परततो. शेवटच्या दहा दिवसांत आपली ही सात शब्दांची ओळ.

'मगफिरत'चा धातू झाकण्याचा. त्याच धातूतून 'मिगफर' हा शब्द येतो, म्हणजे लढाईत डोक्याला घालायची लोखंडी कड्यांची जाळी. घाव बसू नये म्हणून झाकणारी. गुन्हा आहे, पण तो झाकला, लोकांपुढं उघडा पडू दिला नाही आणि त्याचा मारही लागू दिला नाही, ती मगफिरत. तुमच्या ओळखीत कुणी गफार किंवा गफूर असेल, तर ती अल्लाहची नावं याच धातूची आहेत.

'तोबा' म्हणजे परतणं. मराठीत आपण त्या शब्दाचे पार हाल केले आहेत. यल्लम्माच्या जत्रेला 'तोबा गर्दी' होते ती ही तोबा. मूळ अर्थ एवढाच, की चुकीच्या वाटेनं गेलेला माणूस मागं फिरला. अस्तगफिरुल्लाहच्या शेवटी जे 'अतूबु इलैह' येतं, ते 'मी त्याच्याकडं परत येतो'.

आणि 'अफ्व' म्हणजे पुसणं. जुनी अरबी अशी, की वाळूत उमटलेली पावलं वाऱ्यानं पुसली की वाऱ्यानं त्यांचा 'अफ्व' केला म्हणत. कोण कुठून कुठं गेलं याचा मागच शिल्लक नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी यावरून दोन नावांत फरक केला आहे. गफूर झाकतो आणि अफुव्व पुसतो, आणि झाकण्यापेक्षा पुसणं जास्त. झाकलेली वस्तू झाकणाखाली असतेच ना.

सचिवकी केलेल्या माणसाला हे चटकन कळतं. दप्तराचा पहिला नियम, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, वर दुरुस्त आकडा लिहायचा आणि बाजूला सही. रबर नाही, ब्लेडनं खरडणं नाही, व्हाइटनर तर नाहीच. ऑडिटर कागद उजेडासमोर धरून बघतो. आमचं कर्ज माफ झालं तरी खात्यावर ते राहतंच: एवढं कर्ज होतं, अमुक योजनेत एवढं माफ झालं. पुढच्या वेळी कर्ज मागायला आला की मॅनेजर पहिलं पान उलटून बघतो. अफ्व मागणारा नेमकी हीच गोष्ट मागतो, जी आमच्या दप्तरात गुन्हा आहे. खोडून टाक. माझ्या खात्यावर ही नोंद होती हेसुद्धा दिसू देऊ नको.

(थोडं विषयांतर. 'कर्जमाफी' शब्दावर शेतकऱ्यांचा जुना आक्षेप आहे. १९८१ साली इथं निपाणीत तंबाखूचं आंदोलन उभं करणारे शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना 'कर्जमुक्ती' म्हणत, कारण माफी गुन्हेगाराला असते आणि शेतकऱ्यानं गुन्हा केलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१९ च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती'च आहे. कन्नडमध्ये 'साल मन्ना' म्हणतात, साल म्हणजे कर्ज. दूधगंगेच्या दोन्ही अंगांना जमीन असलेल्यांना दोन्ही शब्द पाठ आहेत, आणि कुठल्या सरकारची यादी आधी लागते तेही.)

कुरआनात अफ्व, मगफिरत आणि रहम (म्हणजे दया) एकापाठोपाठ येतात, दुसऱ्या सूरेच्या अगदी शेवटच्या, २८६ व्या आयतीत (म्हणजे वचनात): "वअ्फु अन्ना, वग्फिर लना, वर्हम्ना." आमचं पुसून टाक, आमचं झाकून घे, आमच्यावर रहम कर. तिथं 'अन्ना' आहे, म्हणजे आम्हाला. आपल्या ओळीत 'अन्नी', मला. मशिदीत इमाम सगळ्यांच्या वतीनं दुआ मागतो तेव्हा 'अन्नी'चं 'अन्ना' करतो, आणि मागून आमीन येतं.

याच धातूचा आणखी एक अर्थ आहे, तो मला फार उशिरा कळला. लोकांनी विचारलं, की खर्च किती करावा, दानात काय द्यावं, तर कुरआनात (२:२१९) उत्तर आहे 'अल्-अफ्व'. इथं अर्थ, गरज भागून जे उरलं ते. पुसणं आणि उरणं एका धातूत कसं बसतं हे विद्वानांनी बघावं. मला एवढं दिसतं, की हात आखडून दिलेली माफी या शब्दात बसत नाही.

ज्यांना ही ओळ शिकवली त्या आयेशा यांच्या आयुष्यातला एक प्रसंग इथं सांगायलाच हवा. त्यांच्यावर एकदा बदनामीचा आळ आला होता. मदिनेत महिनाभर कुजबुज चालली होती. शेवटी कुरआनातल्या आयतींनी त्या निर्दोष ठरल्या. आळ पसरवणाऱ्यांत मिस्तह नावाचा एक नातेवाईक होता, गरीब. त्याला आयेशा यांचे वडील अबू बक्र नेमानं पैसे देत असत. मुलीची बदनामी करणाऱ्याला यापुढं दमडी देणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. कुठल्याही बापानं घेतली असती. त्यावर चोविसाव्या सूरेची २२ वी आयत आली: त्यांनी माफ करावं, दुर्लक्ष करावं, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र म्हणाले, वाटतं. आणि मदत पुन्हा सुरू केली. या आयतीतलं पहिलं 'माफ करावं' हेही 'अफ्व'च्याच धातूचं.

आता जे सांगतो ते या दुआबद्दल बोलताना बहुतेक जण गाळतात. सात शब्द म्हटले, रात्रभर जागलं, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणजे सगळं पुसलं गेलं का? आलिम, म्हणजे धर्माची जाणकार मंडळी, सांगतात तसं देणं दोन प्रकारचं. एक अल्लाहचा हक्क, दुसरा माणसांचा हक्क. नमाज चुकवली, वाईट विचार केला, हे पहिल्यात. कुणाचे पैसे बुडवले, कुणाचा बांध कोरला, कुणाला शिवी दिली, कुणाची चहाडी केली, हे दुसऱ्यात. तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी तोबाच्या अटी दिल्या आहेत: चूक थांबवा, पस्तावा, पुन्हा न करण्याचा निश्चय करा. आणि गुन्हा माणसाच्या हक्काचा असेल तर चौथी अट, त्याचं त्याला परत करा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्या. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम अल्लाह परस्पर सोडून देत नाही.

यात कर्जाचं प्रकरण फारच कडक आहे. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस आहे की शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून. एका कर्जबाजारी मेलेल्याची जनाज्याची नमाज पढवायला पैगंबर पुढं झाले नाहीत. त्यांचे एक साथीदार अबू कतादा म्हणाले, त्याचं देणं माझ्यावर, तेव्हा पढवली. म्हणून आजही आमच्या गल्लीत मय्यत दफन करण्याआधी मुलगा किंवा भाऊ उभा राहून सांगतो, की यांच्याकडं कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला भेटा, आणि बोललं-चाललेलं माफ करा. हजला निघालेला माणूस दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करना' म्हणतो तेही यातूनच. चिकोडी-सदलग्याकडचे माझे जैन स्नेही पर्युषणानंतर क्षमावाणीला हात जोडून हेच करतात, तेव्हा मला हा भाग समजायला फारसा त्रास झाला नाही.

आणखी एक हदीस आहे, ती ऐकून मी हिशेबनीस म्हणून हादरलो. पैगंबरांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडं पैसा नाही, सामान नाही तो. ते म्हणाले, माझ्या लोकांतला दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात (म्हणजे धर्मानं बांधून दिलेलं दान) सगळं घेऊन येईल, पण त्यानं एकाला शिवी दिलेली असेल, एकाचा माल खाल्लेला असेल, एकाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्यं एकेकाला वाटली जातील. पुण्यं संपली आणि देणी उरली, तर त्यांची पापं याच्या खात्यावर चढवली जातील. जमा, खर्च, आणि तूट निघाली की दुसऱ्याचं देणं आपल्या नावावर वर्ग. पुरी ताळेबंदाची पद्धत.

ज्याचा हक्क तो मेला असेल तर? पैशाचं देणं वारसांना द्यायचं. आणि निंदा केली असेल तर? त्या माणसाला जाऊन सांगितल्यानं जखम जास्तच चिघळणार असेल तर सांगू नका, त्याच्यासाठी दुआ करा, आणि जिथं त्याच्याबद्दल वाईट बोललात तिथंच चांगलं बोला, असं बरेच आलिम सांगतात.

हे सगळं मी त्या पोरीला सांगितलं नाही. तिला ओळ लिहून दिली: "हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, तुला माफ करायला आवडतं, म्हणून मला माफ कर." ती खूश होऊन गेली आणि मी पंख्याखाली तसाच बसून राहिलो. कारण तिच्या दादाचं, म्हणजे दादीच्या नवऱ्याचं, एक प्रकरण माझ्याकडं पडून होतं.

तीसेक वर्षं झाली. मार्चअखेरची घाई होती. त्यांनी पीककर्जाचा हप्ता भरला, आणि मी तो त्याच आडनावाच्या दुसऱ्या खात्याला चढवला. एकाच आडनावाची पाच खाती होती. पुढं त्यांना थकबाकीची नोटीस गेली. ते आले, म्हणाले, पैसे भरलेत. मी म्हटलं, पावती आणा. पावती हरवली होती. काउंटरपुढं दहा-बारा माणसं होती, आणि मी म्हणालो, "दाढी ठेवून खोटं बोलू नका." ते काही बोलले नाहीत. बैल विकून दुसऱ्यांदा हप्ता भरला, वर १८४ रुपये व्याज. दोन वर्षांनी ऑडिटमध्ये माझी चूक निघाली. मुद्दल मी दुरुस्तीची नोंद करून त्यांच्या खात्याला आणली. व्याज राहून गेलं, आणि ते वाक्यही. पुढं ते वारले. जनाज्याला त्यांच्या मुलानं उभं राहून विचारलं, कुणाचं काही येणं आहे का. माझं येणं काही नव्हतं, देणं होतं. मी गप्प उभा राहिलो.

बड्या रातीच्या संध्याकाळी, रोजा सुटल्यावर तासाभरानं मी त्यांच्या घरी गेलो. पोरीचा कागद दारासमोरच्या भिंतीला चिकटवलेला होता. दादी खाटेवर बसली होती, हातात तसबीहची माळ. मी सगळं सांगितलं. पाकिटात दोन हजार घातले होते. १८४ रुपयांचे आज किती होतात ते मला ठरवता आलं नव्हतं, व्याजावर व्याज लावायचं तर त्यांच्याकडं तेही चालत नाही. नातीनं पाकीट उचललं आणि विचारलं, "दादी, फित्र्यात टाकू?" ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचं ते दान म्हणजे फित्रा.

"नको," दादी म्हणाली. "हे दान न्हाई, येणं हाय. कपाटात ठेव."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पैशाचं झालं. ते वाक्य चारचौघांत बोलला होता न्हवं?"

मी म्हटलं, होय.

"मग माझ्यापुढं काय सांगतासा? ईदला या. चारचौघं असत्यात."

त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला, आमचा वर्षाचे हिशेब बंद करायचा दिवस. पाडव्याची पुरणपोळी डब्यात घालून मी सकाळी गेलो. खोलीत पंधरा-वीस माणसं शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन बसली होती, दोघं जुने सभासद त्यात होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, हा माणूस खोटं बोललेला नव्हता, हप्ता भरलेला होता, चूक माझी होती. एकानं विचारलं, "कधीची गोष्ट म्हणायची ही?" दुसरा सभासद म्हणाला, "मला आठवतंय. मी होतो तिथं." आणि खाली बघत वाटीतला काजू चमच्यानं फिरवत राहिला.

आतून दादीचा आवाज आला, "सचिवसाहेबाला वाटी दिली काय रे कुणी?"